माहेर बेटावर नेलं तेव्हा

आपाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. अडचण एवढीच होती, की आपा आणि माहेर यांच्यामध्ये समुद्र होता.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण शाहेदा. नागपूरला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथल्याच दवाखान्यातला कोया नावाचा एक सावळा, हसरा कंपाउंडर तिनं पसंत केला. तो लक्षद्वीपचा. लक्षद्वीप कुठं आहे हे आमच्या आसेगावात शाळेच्या हेडमास्तरांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं तेव्हा बोटाखाली ते सगळं झाकलं गेलं. कोया मागणी घालायला आला तो मामाला घेऊन, नारळ घेऊन आणि वाळवलेल्या माशाचे काळे तुकडे घेऊन. ते तुकडे इतके टणक होते की अम्मीनं सरपण समजून चुलीपाशी रचून ठेवले. एक तर तिनं जाळलाही. त्या वासानं अर्धी गल्ली दारात जमली. अब्बा पोट धरून हसले आणि मला वाटतं, त्या हसण्यातच त्यांचा होकार निघून गेला. बिरादरीतले लोक मात्र हसले नाहीत. "हसनभाईनं पोरगी पाण्यात टाकली," असं ते लग्नानंतरही कितीतरी दिवस म्हणत राहिले, आणि ते अब्बांच्या कानावर येत राहिलं.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं संसार. अब्बा पिंजारी. छताला टांगलेली माणसाच्या उंचीची पिंजण, आणि तिची ताणलेली तात लाकडी ठोकळ्यानं छेडली की निघणारा 'धंऽव धंऽव' आवाज. त्या आवाजात मी झोपले, उठले, पाढे पाठ केले. मंगरूळला कापूस पिंजायचं विजेचं यंत्र आलं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं अब्बांकडेच यायची. कापसाचे तंतू घरभर उडत. वरणात कापूस, अम्मीच्या भुवयांवर कापूस, माझ्या दप्तरात कापूस. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत अब्बा उशा विकायला बसत, तेव्हा ओळखीची माणसं त्यांच्या खांद्यावरचा कापूस उडवूनच बोलायला सुरुवात करत. घरात अब्बांचा शब्द शेवटचा. ते कधी आवाज चढवत नसत. पिंजण थांबली की आम्ही समजायचो, आता काहीतरी सांगणार. आम्ही घरात वाक्य उर्दूत सुरू करून वऱ्हाडीत संपवत असू. इथं मी घरचं सगळं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते आहे, कारण अम्मीची जीभ त्यातच जास्त चालायची.

आपाचं पत्र आलं त्या दिवशी पिंजण अशीच थांबली. दिवस भरत आले होते, पायांवर सूज होती, आणि इतक्या लांबचा प्रवास करायला डॉक्टरांनी बंदी घातली होती.

"ते येऊ शकत नाई," अब्बांनी पत्राची घडी घालत सांगितलं.

"मंग?" अम्मी भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"मंग काय? तिची सासू हाय ना तिथं."

"सासू हाय, ते मले मालूम हाय. माय हाय का?"

"अवं, मधात समुंदर हाय!"

"मंग कोया कसा आलता? उडून आलता का?" अम्मीनं भाकरी तव्यावर टाकली. "पोट्टी माहेरी येऊ शकत नाई, तं माहेर तिकडं नेऊ. त्यात इतकं तोंड पाडाले काय झालं?"

मी दारामागं उभी होते. मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामी बसलेली, अनसिंगच्या पलीकडचं जग न पाहिलेली. 'नेऊ' या शब्दात मी आहे की नाही, एवढाच प्रश्न माझ्या छातीत धडधडत होता. अब्बांनी पुन्हा पिंजण छेडायला घेतली आणि कुणाकडे न पाहता म्हणाले, "नसीमले घे मंग संगं. बाळंतिणीचे कपडे धुवाले कोणी पायजे." मी न्हाणीत जाऊन तोंडावर ओढणी दाबून ओरडले.

मग आमच्या घरात जी गडबड उडाली ती पाहून कुणाला वाटलं असतं, लग्न आहे. अम्मीनं डिंक तळला, खारका कुटल्या, हळीव आणि सुंठ निवडून पुड्या बांधल्या. गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, मिळेना, तर ती थेट कारंज्याच्या बाजारातून मागवली. तिच्या मते गोडंबीशिवाय लाडू म्हणजे नुसता गुळाचा गोळा. लोणचं, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, ठेच्यासाठी मिरच्या, बाळंतिणीला पाजायच्या हरीऱ्याचं सगळं सामान. "तिथं लोकं खातेत का नाई काई?" अब्बा विचारत. "खातेत. लाकडं खातेत," अम्मी उत्तर देई. आणि अब्बांनी काय करावं? त्यांनी नव्या कापसातला उत्तम कापूस बाजूला काढून, तीनदा पिंजून, बाळंतिणीसाठी गादी भरली. तिला फुलांच्या छापाचं कापड घातलं. मग ती गुंडाळून, ताडपत्रीत बांधून, सुतळीनं आवळली. ते बोचकं मला आणि अब्बांना मिळूनही नीट उचलता येत नव्हतं, तेव्हा ते पोचवायला म्हणून अब्बाही आमच्याबरोबर निघाले.

बेटावर जायच्या परवान्याची व्यवस्था दुल्हाभाईंनी, म्हणजे कोयांनी, तिकडून केली होती. गाड्या बदलत बदलत आम्ही कोचीला पोचलो. प्रत्येक स्टेशनावर हमाल गादीकडे बघून हसायचे, आणि अब्बा छाती काढून सांगायचे, "बेटीच्या घरी चाललो." कोचीहून मोठं जहाज होतं. ते इतकं प्रचंड आणि शांत होतं की मला फार काही आठवत नाही. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा अम्मी म्हणाली, "या अल्ला, इतकं पाणी, अन् आपण एका घागरीसाठी विहिरीवर भांडतो." अब्बा डेकवर आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

जहाजानं आम्हाला मोठ्या बेटावर उतरवलं. आपाचं बेट त्याहून पुढं, आणि तिथं जायला एक लाकडी लाँच. सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो तर वारा असा सुटला होता की नारळीची झाडं एका बाजूला केस उडाल्यासारखी दिसत होती. पाणी निळं नव्हतंच; काळपट, वर पांढरं फुटलेलं. लाँच धक्क्याला बांधलेली असूनही दाव्याला हिसडे देणाऱ्या गोऱ्ह्यासारखी मागंपुढं होत होती. तिच्यात तांदळाची पोती, कांदे, रॉकेलचे डबे, दोन शेळ्या आणि काही माणसं आधीच बसली होती. लाँचीच्या तांडेलाला, म्हणजे मुख्य खलाशाला, मोडकी हिंदी येत होती. त्यानं आमच्याकडे, मग गादीकडे पाहिलं.

"दरिया खराब है," तो म्हणाला. "लेकिन ये आखरी लाँच है. इसके बाद बारिश खतम होने तक कुछ नहीं जायेगा."

अब्बा धक्क्याच्या कडेला गेले, खाली पाहिलं आणि दोन पावलं मागं आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "आपण इथंच थांबू," ते म्हणाले. "समुंदर बसला का जाऊ."

"समुंदर बसते तवर नातू चालाले लागन," अम्मी म्हणाली.

"जिवापेक्षा मोठं काय हाय?"

"तेच म्हणून राह्यली ना मी. तिचा जीव तिकडं हाय." आणि अम्मीनं लाडवांचा डबा काखेत मारला, तांडेलाचा हात धरला आणि लाँचीत पाय टाकला. मी तिच्या मागोमाग. लाँच इतकी हलली की मी सरळ कांद्यांच्या पोत्यावर जाऊन बसले. वर पाहिलं, तर अब्बा गादीचं बोचकं खलाशांकडे देत होते, आणि ते गेल्यावर जणू तेच त्यांना ओढून नेत असल्यासारखे त्याच्या मागून उतरले.

धक्क्याच्या आडोशातून बाहेर पडलो आणि पहिली लाट आली. आमच्याकडं नाल्यातून बैलगाडी जाते तेव्हा आधी पुढची बाजू खाली जाते आणि मग धाडकन सगळं वर येतं. तसंच झालं, फक्त हा नाला घराएवढा खोल होता आणि त्याच्यामागं दुसरा होता, आणि त्याच्यामागं तिसरा. लाँचीचं नाक आभाळाकडं जाई, मग पाण्यात घुसे, आणि पाण्याचा एक अख्खा पडदा आमच्यावरून मागं फेकला जाई. माझ्या तोंडात मीठ, डोळ्यांत मीठ, ओढणी कुठं गेली ठाऊक नाही. शेळ्या ओरडत होत्या, डबे एकमेकांवर आपटत होते, इंजिन कधी खोल घुमत होतं, तर कधी पंखा पाण्याबाहेर आल्यावर किंचाळत होतं. आणि मी? मी हसत होते. घाबरायचं मला सुचलंच नाही. प्रत्येक लाट दिसली की मी अजून मोठी यावी म्हणून वाट पाहत होते, आणि ती आली की ओरडत होते. पुढं मी शाळेत शिकवायला लागले आणि जिथं कुणी जायला तयार नसे अशा गावांची बदली मी आपणहून मागून घेत असे. सोबतच्या बाया मला वेडी म्हणत. त्यांना काय सांगणार? परवा नातवानं मोबाईलवर असल्याच एका बोटीचा व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "नानी, भेव नाई लागलं?" माझी छाती घरी सोफ्यावर बसल्याबसल्यासुद्धा धडधडायला लागली होती, पण ती भीतीनं नव्हे.

अब्बांची अवस्था वाईट होती. पिंजण मारून मारून खांदे दगडासारखे झालेला माझा बाप त्या गादीच्या बोचक्याला मिठी मारून पडला होता. पोटातलं सगळं निघून गेलं होतं तरी उमासे थांबत नव्हते. मधूनच ते म्हणत, "नसीम, किती राह्यलं?" आणि मी खोटंच सांगे, "दिसून राह्यलं अब्बा, झाडं दिसून राह्यले." अम्मी मात्र दोन्ही पाय रोवून, पाठ कठड्याला टेकवून, लाडवांचा डबा मांडीत घेऊन बसली होती. शेजारी कानात खूप साऱ्या बाळ्या घातलेली एक म्हातारी होती. तिला आमचं एक अक्षर कळत नव्हतं, आम्हाला तिचं. एक मोठी लाट आली आणि दोघींच्या तोंडून एकदम कुराणातली एकच आयत निघाली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग अम्मीनं लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली, एक फोड म्हातारीच्या तोंडात घातली, एक अब्बांच्या, एक माझ्या, आणि बरणी पुढं सरकवली. त्या वादळात आसेगावचं लोणचं तांडेलापर्यंत जाऊन आलं.

दुपार कलायच्या सुमारास खरंच झाडं दिसली. पण लाँच बेटाच्या काठाला लागत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं. त्याच्या आत पाणी उथळ, बाहेर समुद्र. लाँच कड्याच्या बाहेर थांबते, आतून होड्या येतात, आणि माणसांनी एकीतून दुसरीत जायचं. होडी आली. ती लाटेवर चढली की आमच्या कठड्याला लागे, आणि लाट सरली की खाली, आमच्या घराच्या धाब्यावरून अंगणात पाहावं तितकी खाली जाई. होडीतला माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. होडी वर आली की तो ओरडे, "इप्पो!" म्हणजे आत्ता. त्या 'आत्ता'ला पाऊल टाकलं तर होडीत, क्षणभर उशीर केला तर मध्ये.

म्हातारी ओसरीवरून उतरावी तशी उतरून गेली. शेळ्या गेल्या, सामान गेलं. गादी फेकली तेव्हा अब्बा कळवळले. मग अम्मी उठली. तिनं पदर कमरेला खोचला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, डबा माझ्याकडं दिला आणि कठड्यावर उभी राहिली. "इप्पो!" अम्मी दिसेनाशी झाली. मी ओणवून पाहिलं, तर ती होडीत बसली होती आणि वर हात करून ओरडत होती, "डबा टाक, डबा!" मी डबा टाकला, तिनं झेलला. मग मी. उडी मारायच्या आधीचा तो एक क्षण मला आजही पायांच्या तळव्यांत जाणवतो.

राहिले अब्बा. ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. 'इप्पो' आला आणि गेला. दुसरा आला आणि गेला. खलाशांनी त्यांचे हात सोडवायचा प्रयत्न केला, पण पिंजाऱ्याची मूठ कोण सोडवणार? "मी नाई येत!" ते वरून ओरडले. "तुमी जा! मी नाई येत!" तांडेल होडीवाल्याशी त्यांच्या भाषेत घाईघाईनं काही बोलला आणि मग अम्मीला म्हणाला, "पानी उतर रहा है. होडी अंदर नहीं जा सकेगी. इनको मैं वापस ले जाता हूँ."

वापस म्हणजे पाऊस संपेपर्यंत. आपाचं लेकरू जन्मणार, अम्मी बेटावर, आणि अब्बा एकटे परक्या धक्क्यावर. अम्मी उभी राहिली. हलत्या होडीत, काही न धरता.

"हसन!" ती ओरडली. "ए हसन! उडी टाक!"

इथं सांगायला हवं, की माझ्या उभ्या आयुष्यात मी अम्मीच्या तोंडून अब्बांचं नाव ऐकलं नव्हतं. 'आयकता का', 'शाहेदाचे अब्बा', नाहीतर नुसती बांगड्यांची खळखळ. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती मला पुढं करायची. अब्बांनी वीज पडल्यासारखं खाली पाहिलं. त्यांची मूठ सुटली. मला वाटतं, त्यांना उडी मारायचं भानच नव्हतं. हाकेला ओ देतात तसे ते निघाले. होडी नेमकी वर येत होती. ते धाडकन गादीच्या बोचक्यावर आपटले आणि तिथंच, तोंड वर करून, अम्मीकडं बघत पडून राहिले.

कड्याच्या फटीतून होडी आत शिरली आणि एकाएकी सगळा आवाज मागं राहिला. आतलं पाणी हिरवं, स्थिर, तळाची वाळू दिसणारं. किनाऱ्यापाशी गुडघाभर पाण्यात, एका हातानं कंबर धरून, दुसरा हात हलवत आपा उभी होती. कोया तिला मागं ओढत होते आणि ती ऐकत नव्हती. अब्बा होडीतून उतरले, तिच्याजवळ गेले. तब्येत कशी आहे, सूज उतरली का, काही विचारलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाहेदा, तुह्या अम्मीनं मले नावानं हाक मारली."

"कोणी? अम्मीनं?" आपा रडता रडता हसायला लागली. अम्मी म्हणाली, "चाल घरात. ओल्यात उभी राहून काय करून राह्यली?"

पुढं पाऊस आला आणि बेट जगापासून तुटलं. आपा एका सकाळी अडली. डॉक्टर मोठ्या बेटावर, आणि लाँच बंद. घरात अम्मी, आपाची सासू आणि मी. अम्मीला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना अम्मीची, आणि दोघींना बाळंतपणं पुरेपूर येत होती. मधे आपा, स्वतः नर्स. कळ आली की ती ओरडायची, कळ सरली की एकीचं दुसरीला समजावून सांगायची: "अम्मी, ते म्हणून राह्यल्या गरम तेल लाव... नाई, नाई, कमरेले." असं दुपारपर्यंत चाललं. एका टप्प्यावर आपाचे ओठ निळे पडले आणि दोघी म्हाताऱ्या गप्प झाल्या. ती शांतता मला समुद्रात एकदाही न लागलेलं भेव दाखवून गेली. मग सासूनं काहीतरी केलं, अम्मीनं आपाची पाठ दाबून धरली, आणि मुलगी झाली. बाहेर व्हरांड्यात अब्बा आणि कोया एकाच खाटेवर बसले होते. मी मुलगी घेऊन गेले तेव्हा अब्बांनी तिच्या कानात अजान दिली.

चार महिने आम्ही तिथं राहिलो. अम्मी लाकडासारखा मासा किसून भातावर घ्यायला शिकली, आपाच्या सासूला ठेच्याशिवाय जेवण जाईना. बिरादरीतल्यांना काय सांगायचं याची अब्बा रोज नवी वाक्यं जुळवत. "म्हणाव, पोरगी पाण्यात टाकली खरी, पण पाहून तं या एकडाव," हे त्यांना शेवटी सगळ्यात पसंत पडलं, आणि आसेगावला परतल्यावर ते त्यांनी ज्याला त्याला ऐकवलं.

पाऊस सरल्यावर पहिल्या लाँचीनं आम्ही निघालो. आपाला सोडताना रडून झालं, होडीतून लाँचीत चढलो, आणि बाहेर आलो तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट. अब्बा तांडेलाशेजारी मांडी घालून बसले आणि जुन्या खलाशासारख्या गप्पा मारायला लागले. मला फसवल्यासारखं वाटत होतं. मी अगदी पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि लांबवर नजर लावली.

अम्मी मागून आली. "काय पाहून राह्यली व?"

"लाट," मी म्हटलं. "एक तरी येईन ना?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुले आता आसेगावात कसं ठेवावं बाई?" ती म्हणाली, आणि पदर खोचून माझ्या शेजारी उभी राहिली, समुद्राकडं तोंड करून.